रेकॉर्ड आणि टॅबवरून ब्लूज गिटार: आधी अंगठा, मग बोटं

मिसिसिपी जॉन हर्ट, एलिझाबेथ कॉटन, मॅन्स लिप्सकम किंवा रेव्हरंड गॅरी डेव्हिस या जुन्या अमेरिकी ब्लूज वादकांची अकूस्टिक गिटार पहिल्यांदा ऐकली की दोन माणसं वाजवत असल्यासारखं वाटतं. एक जण बेसचा ठेका धरून बसलाय, दुसरा वर गाण्याची चाल वाजवतोय. प्रत्यक्षात हे सगळं एकाच उजव्या हाताचं काम असतं. अंगठा जाड तारांवर असतो, तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर. हे वादन शिकायला टॅबची, म्हणजे सुरांऐवजी तारा आणि आकडे मांडणाऱ्या लेखनाची, पुस्तकं उपयोगी आहेतच. पण टॅब फक्त कोणत्या तारेवर कोणती फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेला घर) दाबायची ते सांगतो. अंगठा किती जोरात पडतो, बेसची तार किती दाबून ठेवली आहे, चालीतला एखादा सूर मात्रेच्या किती मागे रेंगाळतो, हे फक्त रेकॉर्डमध्ये सापडतं. म्हणून आधी कान, मग अंगठा आणि शेवटी पुस्तक असा क्रम ठेवावा. पुस्तकापासून सुरुवात केली तर सूर बरोबर येतात, पण गाणं झुलत नाही, आणि ती सवय नंतर मोडणं फार कठीण जातं.

कोणती रेकॉर्ड घ्यावी

सुरुवातीला एक वादक आणि त्याची दोन-तीन गाणी पुरेत. पहिला वादक म्हणून आमचं मत हर्ट यांच्या बाजूने आहे. त्यांनी १९२८ मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी मेम्फिस आणि न्यूयॉर्क इथे मोजकी गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर ते मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन गावी शेतात राबत राहिले. १९६३ मध्ये चाहत्यांनी त्यांना शोधून काढलं आणि १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. त्यामुळे अनेक गाण्यांची दोन-दोन ध्वनिमुद्रणं मिळतात. १९२८ ची जलद आणि खरखरीत आहेत, साठच्या दशकातली संथ आणि स्वच्छ. शिकायला नंतरची घ्यावीत.

इथेच एक गफलत होते. पुस्तकातला टॅब एका ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला असतो आणि शिकणारा ऐकतो दुसरंच. दोन्हींत बारीक फरक असतात, मग टॅब चुकलाय की कान, हेच कळेनासं होतं. गाण्याच्या वर किंवा पुस्तकाच्या शेवटी कोणत्या ध्वनिमुद्रणावरून लेखन केलंय ते दिलेलं असतं. ते पाहून नेमकं तेच मिळवा. तशी नोंदच नसेल तर ते पुस्तक फक्त बोटांच्या जागांसाठी वापरा.

रॉबर्ट जॉन्सन आणि ब्लाइंड ब्लेक यांच्यापासून मात्र सुरुवात करू नये. जॉन्सन यांच्या १९३६-३७ मधल्या २९ गाण्यांत बेसचा ठेका मध्येच थांबतो, चालीत मिसळतो आणि पुन्हा सुरू होतो. ज्याचा अंगठा अजून पक्का नाही, त्याला यातून काही हाती लागत नाही. ब्लेक यांचा अंगठा मात्रेच्या जरा आधी एका जाड तारेवरून घसरून मात्रेवर शेजारच्या तारेवर पडतो. ती करामत साधा ठेका बसल्यावरची आहे.

गिटार

स्टीलच्या तारांची कोणतीही बरी अकूस्टिक चालेल. सहसा पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला लाइट संच लावतात. बोटं दुखत असतील तर ०.०११ चा लावा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहाव्या तारेखाली सुमारे २.५ मिलिमीटर आणि पहिलीखाली सुमारे २ मिलिमीटर असावी. ३ मिलिमीटरच्या वर गेली की डाव्या हाताची ताकद नुसती दाबण्यातच जाते. नटपाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिथे) गिटारची मान ४४-४५ मिलिमीटर रुंद असेल तर उजव्या हाताच्या बोटांना तारांमध्ये शिरायला जागा मिळते. नायलॉनच्या गिटारवर सराव होतो, पण तळहाताने दाबलेल्या बेसचा तो ‘धप’ आवाज तिच्यातून निघत नाही.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळावी. दमट हवेत गिटारची वरची फळी फुगते, ब्रिज (फळीवरची तारा अडकवायची पट्टी) वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. म्हणून जुलैत सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासून कमी केलं, तर हवा कोरडी झाल्यावर फळी परत बसते आणि तारा फ्रेटवर खडखडू लागतात. त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या घालून गिटार केसमध्ये ठेवा, आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहू द्या, आणि वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसा.

अंगठा: एकाच सुराचा बेस

बहुतेक पुस्तकं आलटून-पालटून पडणाऱ्या बेसने सुरू होतात. त्याआधी एकाच सुराचा बेस शिकावा, म्हणजे अंगठ्याला एकच काम राहतं. टेक्ससमधल्या नवासोटाचे लिप्सकम आणि बिग बिल ब्रून्झी हे या पद्धतीचे पक्के वादक. लिप्सकम पहिल्यांदा रेकॉर्ड झाले ते १९६० मध्ये, त्यामुळे आवाज स्वच्छ आहे आणि अंगठा स्पष्ट ऐकू येतो.

ई ची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) धरा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक टिकीला मोकळी सहावी तार अंगठ्याने वाजवा, एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनात, चार वेळा. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर, तारा सॅडलवरून जिथे सुटतात अगदी तिथे टेकवा. हात दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकला तर सूर मरतो, मागे राहिला तर तार मोकळी गुंजत राहते. या दोन्हींच्या मधली जागा हवी. तिथे आवाज ‘धप’ असा तुटक येतो, पण सूर ओळखू येतो. या दाबण्यामुळे बेस मागे राहतो आणि वरची चाल पुढे येते. तळहात बारीक तारांना लागू देऊ नका, नाहीतर चालही दबते.

रोज पाच मिनिटं फक्त एवढंच करा, आणि ते करताना कुणाशी तरी बोला. प्रश्नाचं उत्तर देताना अंगठा अडखळला नाही, की पुढे जायचं.

आता पहिली तार मधल्या बोटाने मोकळी वाजवा. आधी अंगठ्याबरोबर, पहिल्या मात्रेवर. ते जमलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या बरोबर मधोमध. बोट मात्रांच्या मध्ये पडायला लागलं, की अंगठाही त्याच्या मागे ओढला जातो. इथे बहुतेक सगळेच अडकतात. वेग ४० वर आणा, आणि फक्त तो एकच अवघड सूर चार बारमध्ये एकदा वाजवा. बाकी सगळा वेळ नुसता अंगठा चालू ठेवा.

मग पहिल्या तारेची तिसरी फ्रेट. ई ला षड्ज मानलं तर हा जी सूर म्हणजे कोमल गंधार, आणि चौथ्या फ्रेटवर शुद्ध गंधार. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये राहतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून दुसऱ्या तारेच्या दिशेने किंचित ढकला. टॅबमध्ये याची खूण म्हणजे एक छोटा बाण आणि त्यावर ¼. तार शुद्ध गंधारापर्यंत गेली तर ब्लूज उरत नाही, आणि ढकललीच नाही तर चाल कोरडी वाटते. नेमकी किती ढकलायची हे कोणत्याही पुस्तकाने सांगता येणार नाही. रेकॉर्डबरोबर तोच सूर गाऊन पाहा, मग गिटारवर शोधा. ज्यांच्या कानाला हिंदुस्थानी संगीताची सवय आहे, त्यांना हे लवकर साधतं.

बारा बारांचा आराखडा षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभा असतो. ई मध्ये पहिले चार बार ई, मग दोन ए, दोन ई, नवव्यात बी सेव्हन, दहाव्यात ए, अकराव्यात ई आणि बाराव्यात बी सेव्हन, तिथून परत पहिल्यावर. ए वर अंगठा मोकळ्या पाचव्या तारेवर जातो, बी सेव्हनवर पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. पण जुने गायक ही मोजणी काटेकोर पाळत नसत. लाइटनिंग हॉपकिन्स तर ओळ संपेपर्यंत थांबतात आणि मगच कॉर्ड बदलतात. टॅबमध्ये मध्येच दोन मात्रांचा बार दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. रेकॉर्डवर मात्रा मोजा, बहुधा तशाच निघतील.

आलटून-पालटून बेस

हर्ट आणि कॉटन यांच्या वादनाचा पाया हा आहे. सी च्या कॉर्डमध्ये अंगठा पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा फिरतो. खालच्या आकृतीत एक बार आहे. डावीकडचा आकडा तारेचा, ओळीतला आकडा फ्रेटचा. पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार वर आहे.

१ |----------०-----|
२ |------१-------१-|
३ |----------------|
४ |----२-------२---|
५ |३---------------|
६ |--------३-------|

डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. तिसऱ्या मात्रेला ती उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची, आणि पुढच्या बारच्या समेला परत पाचवीवर आणायची. बाकीची बोटं जागची हलत नाहीत. दुसऱ्या तारेला तर्जनी, पहिलीला मधलं बोट. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी गिटारच्या फळीवर हलकी टेकवली तर हात डगमगत नाही.

बेसचे चारही ठोके सारखे नसतात. हर्ट यांचं वादन लक्ष देऊन ऐका. चौथ्या तारेवरचे, म्हणजे दुसरा आणि चौथा ठोका, जरा उठून येतात, आणि गाणं झुलतं ते तिथून. समेवर जोर दिला की सगळं कवायतीसारखं होतं.

जी च्या कॉर्डवर अंगठा सहावी, चौथी, पाचवी, चौथी असा जातो. डी वर चौथी आणि पाचवी. एफ वर सहाव्या तारेची पहिली फ्रेट डाव्या हाताचा अंगठा मानेवरून आणून दाबतात. पुस्तकात हे बहुधा ‘टी’ अक्षराने दाखवतात. पंजा लहान असेल तर एफ वर चौथी आणि तिसरी तार वाजवून काम भागतं, गाणं त्याने बिघडत नाही.

टॅब वाचताना

एकाखाली एक आलेले आकडे एकदम वाजवायचे. बहुतेक पुस्तकांत खाली जाणारी दांडी अंगठ्याची आणि वर जाणारी बोटांची असते. ‘एच’ म्हणजे वाजलेल्या तारेवर डाव्या हाताचं बोट आपटून पुढचा सूर काढणं. ‘पी’ म्हणजे डावं बोट ओढून तार सोडणं. मात्र हेच ‘पी’ उजव्या हाताच्या ओळीत असेल, तर त्याचा अर्थ अंगठा, कारण बोटांची ती अक्षरं स्पॅनिश शब्दांवरून आली आहेत. अक्षर दोन आकड्यांच्या मध्ये कमानीवर आहे की सुराच्या खाली वा बाजूला सुटं आहे, ते पाहून ठरवायचं.

उजव्या हाताच्या बोटांबद्दल पुस्तकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरत. त्यांच्या टॅबमध्ये मधलं बोट दिसलं तर ती संपादकाची सोय आहे. एकच बोट धावतं म्हणून त्यांच्या वादनात ती धारदार लय येते. कॉटन डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरत. त्यामुळे त्यांचा बेस बोटांवर आणि चाल अंगठ्यावर असे. टॅबमध्ये सूर तेच राहतात, पण त्यांच्या चालीतला अंगठ्याचा मऊ, भरीव आवाज हवा असेल तर तर्जनी नखाऐवजी मांसल बाजूने लावा. पीट सीगर यांच्या १९६५-६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेत हर्ट, डेव्हिस आणि कॉटन तिघंही वाजवताना दिसतात. शंका आली की तिथे उजवा हात पाहावा.

एका गाण्यावर काम कसं करायचं

गिटार हातात न घेता गाणं इतकं ऐका, की चाल आणि बेस दोन्ही वेगवेगळे गुणगुणता येतील. बेस गुणगुणता येत नाही तोवर तो तुम्हाला ऐकू येत नाही असं समजा.

मग गाण्याचा षड्ज शोधा. शेवटी गाणं जिथे टेकतं तो सूर गा आणि गिटारवर मिळवा. तो दोन फ्रेटच्या मध्ये कुठेतरी येत असेल, तर रेकॉर्डचा वेग मूळ वेगाहून वेगळा आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर हे नेहमीचं. संगणकावर वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारं साधन वापरा. ६ टक्के बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे पाव स्वरासाठी साधारण ३ टक्के. अख्खी गिटार रेकॉर्डला जुळवून लावण्यापेक्षा हे बरं.

त्यानंतर कॉर्डचा आकार ठरवा. ऐकू येणारा सूर आणि धरलेला आकार एकच असतील असं नाही. षड्ज डी वर आहे, पण बेस सी च्या आकारासारखा फिरतोय, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी वाजतोय. बेसच्या सर्वांत खालच्या सुराकडे लक्ष द्या. साध्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीच्या सुरांत लावल्या असताना, मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झवर असते. त्याहून खालचा सूर आला तर तार उतरवलेली आहे. मात्र १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या रेकॉर्डवर इतके खालचे सूर क्षीण असतात आणि कान वरच्या सप्तकातला सूर पकडतो, म्हणून एकदा सप्तक पडताळून घ्या.

आता दोन बार निवडा, जास्त नाही. सूर तोच ठेवून वेग ७० टक्क्यांवर आणा. ५० च्या खाली आवाज फाटतो आणि लयीचा झोलही कळत नाही. चार वेगांचा जुना रेकॉर्ड प्लेअर असेल तर ३३⅓ ची रेकॉर्ड १६⅔ वर लावता येते. वेग निम्मा होतो आणि सगळं बरोबर एक सप्तक खाली येतं, म्हणून बेसचं बटण कमी करून ऐका. हे दोन बार स्वतः कागदावर पेन्सिलीने उतरवा. आधी बेस, मग चाल. त्यानंतरच पुस्तक उघडा आणि ताडून पाहा.

फरक सापडला तर आधी ध्वनिमुद्रण तेच आहे का आणि कॅपो-ट्यूनिंग तेच आहे का ते बघा. ते जुळत असेल तर डावा हात कुठे ठेवायचा याबाबत पुस्तकाचं ऐका आणि सूर कधी पडतो याबाबत कानाचं. लेखकाने बोटांचा विचार तुमच्यापेक्षा जास्त केलेला असतो, पण लय कागदावर सरळ करून मांडलेली असते.

वेगळी ट्यूनिंग

जुन्या वादकांच्या तोंडी आणि पुस्तकांच्या मथळ्यांत दोन नावं सारखी येतात, स्पॅनिश आणि वेस्टापोल. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती मैफलींत वाजणाऱ्या गिटारच्या तुकड्यांवरून आली. स्पॅनिश म्हणजे ओपन जी. सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी एका पूर्ण स्वराने उतरवा. सहावीपासून डी, जी, डी, जी, बी, डी मिळतं. वेस्टापोल म्हणजे ओपन डी. सहावी, दुसरी आणि पहिली पूर्ण स्वराने, तिसरी अर्ध्या स्वराने उतरवा, की डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी येतं. स्किप जेम्स यांचा उदास आवाज हवा असेल तर तिसरी आणखी अर्धा स्वर उतरवून एफ वर आणा.

रेकॉर्डवरून ओळखायची खूण अशी. ओपन डी मध्ये षड्ज सगळ्यात जाड तारेवर असतो, त्याच्याखाली काहीच वाजत नाही. ओपन जी मध्ये षड्ज पाचव्या तारेवर असतो आणि त्याच्याखाली पंचम अधूनमधून येतो. तारा नेहमी हव्या त्या सुराच्या खाली उतरवून मग वर चढवत लावा. वरून खाली आणून सोडलं तर नटमध्ये अडकलेला ताण दोन मिनिटांत सुटतो आणि तार आणखी उतरते.

गाणं म्हणायला लागल्यावर

बोटांचं सगळं बसलं तरी गायला तोंड उघडताच चाल विस्कटते. गाताना सुरुवातीला बारीक तारा पूर्ण सोडून द्या, फक्त बेस आणि आवाज. मग दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेतच बोटं आणा. हर्ट यांच्या अनेक गाण्यांत गिटार गळ्याचीच चाल वाजवते, त्यामुळे तिथे गाणं सोपं जातं. लिप्सकम यांच्याकडे गिटार बरेचदा उत्तर देते, म्हणून शब्द संपायच्या आत बोट पडलं तर ते ताबडतोब खटकतं. अशा वेळी रेकॉर्डमध्ये शेवटचा शब्द कोणत्या मात्रेवर संपतो ते बघून टॅबच्या त्या आकड्याखाली पेन्सिलीने शब्द लिहून ठेवा.